व्हिजिटिंग डॉक्टरांच्या फाइली आणि खरेदी समिती : सल्ला हवा

मेघना_क्वालिटी
नमस्कार. ६० खाटांच्या रुग्णालयात क्वालिटीचं काम बघते. एनएबीएचची (रुग्णालयांच्या दर्जाची मान्यता) तयारी सुरू आहे. काल फाइली चाळताना एका ज्येष्ठ सर्जनच्या मेडिकल कौन्सिल नोंदणीची झेरॉक्स हातात आली. पंचिंगचं भोक नेमकं मुदतीच्या तारखेवर पडलेलं. कौन्सिलकडे चौकशी केली, तर मुदत संपून आठ महिने झालेत. सर आमच्याकडे वीस वर्षं येतात, त्यांना विचारू कशी? दुसरं म्हणजे, आमचे ऑर्थोचे (हाडांचे) सर खरेदी समितीवर आहेत आणि इम्प्लांट (शरीरात बसवायचे सांधे, पट्ट्या) त्यांच्या मेव्हण्याच्या एजन्सीकडून येतात. दर वाईट नाहीत, पण मनाला पटत नाही.

निवृत्त_अधीक्षक
मेघनाताई, आधी सर्जनचं बघा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं नूतनीकरण दर ५ वर्षांनी असतं आणि त्याला प्रशिक्षण कार्यक्रमांतून मिळणारे ३० क्रेडिट पॉइंट लागतात. पॉइंट कमी पडत असले तर वेळ जाईल, म्हणून आजच भेटा. ओपीडी आटोपल्यावर, ते एकटे असताना. "सर, सगळ्यांच्याच फाइली नव्याने लावतेय" एवढं बोललात तरी पुरे. मात्र नूतनीकरण होईपर्यंत ओटी (ऑपरेशन थिएटर) लिस्टवर नाव नको, आणि हे त्यांना मेडिकल डायरेक्टरनीच सांगायला हवं. तो भार तुम्ही उचलू नका.
एमडी, एमएसची वेगळी नोंद कौन्सिलकडे झाली आहे का, तेही तपासा. बऱ्याच फाइलींत फक्त एमबीबीएसचीच असते.

भूलतज्ज्ञ_सांगली
नोंदणी तपासली की काम संपलं असं धरू नका. कोण कुठली शस्त्रक्रिया करणार, हे प्रत्येकाच्या नावासमोर लिहून सही घ्या. जनरल सर्जनने लॅप्रोस्कोपीचं प्रशिक्षण घेतलंय का, हे रात्री दोन वाजता भूल देताना मला विचारावं लागू नये. ती यादी ओटीच्या सिस्टरांकडे असू द्या, ऑफिसच्या कपाटात नको. आणि सोनोग्राफीवाले डॉक्टर एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोनच केंद्रांवर नोंदवता येतात, तेही विचारून घ्या.

निवृत्त_अधीक्षक
इम्प्लांटचं राहिलं. ऑर्थोच्या सरांकडून नातं लेखी घ्या. तो विषय निघाला की त्यांनी बैठकीतून उठायचं, आणि ते उठल्याची नोंद इतिवृत्तात हवी. निदान तीन कोटेशनं मागवा. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरांना कमिशन घ्यायला साफ मनाई आहे. उद्या कुणी बोट दाखवलं, तर हा कागद सरांच्याच कामी येईल. त्यांना हे असंच सांगा.

मेघना_क्वालिटी
सर्जन सरांना भेटले. चिडले नाहीत, पॉइंट पुरेसे आहेत, अर्ज करायचाच राहून गेला होता. समोर बसून अर्ज भरला. सोमवारच्या दोन हर्निया डायरेक्टरसाहेबांनी दुसऱ्या सरांकडे दिल्या. ऑर्थोच्या सरांशी गुरुवारी बोलायचंय. नातं जाहीर करण्याचा मराठी नमुना कुणाकडे असेल तर द्याल का?