एक फायबर लाईन, दोन ऑफिसं: नेटवर्क वेगळं कसं ठेवू?

हिशेबनीस: नमस्कार मंडळी. नाशिकला माझं कर सल्लागाराचं ऑफिस, सात कॉम्प्युटर. शेजारच्या गाळ्यात मावसभाऊ आर्किटेक्ट, त्याचे पाच. लाईन एकच, १०० एमबीपीएसची, माझ्या नावावर. केबलवाल्या पोराने दोन्हीकडचे नेटवर्क स्विच (कॉम्प्युटरच्या वायरी जोडायचे डबे) एका वायरीने जोडले आणि गेला. परवा आमच्या प्रिंटरमधून त्याच्या पार्किंगचा नकाशा बाहेर पडला, तोही आमच्या लेटरहेडवर! हसलो, मग घाम फुटला. प्रिंटर दिसतो तर क्लायंटची फोल्डरंही दिसत असणार. शिवाय २० तारखेला जीएसटीआर-३बी (जीएसटीचं विवरणपत्र) भरायला बसावं, तर भावाचं रेंडर (इमारतीचं मोठं चित्र) क्लाउडवर चढत असतं. दुसरी लाईन नको. बजेट पाचेक हजार.

खटपट्या: त्यांना वेगळी आयपी रेंज (कॉम्प्युटरच्या पत्त्यांचा गट) द्या. फुकटात काम.

तारमास्तर: ती वायर तशीच असेल तर रेंज बदलून उपयोग शून्य. कुणीही हाताने आयपी टाकून आत येईल.

पुणेरी_पॅच: मग तुमच्या राउटरच्या मागे त्यांचा राउटर जोडा की.

तारमास्तर: इथेच बरेचजण फसतात. मागच्या राउटरमधून पुढचं नेटवर्क गाठता येतं, पुढच्याला मागचं नाही. म्हणजे भाऊ सुरक्षित आणि तुम्ही उघडे.

दोन साधे राउटर घ्या. इंटरनेट कंपनीच्या डब्यातून (तिने बसवलेल्या राउटरमधून) एक वायर तुमच्या राउटरच्या वॅन पोर्टला (इंटरनेट आत घ्यायच्या खाचेला), दुसरी त्यांच्या. डब्याचं वायफाय बंद, त्याला तिसरं काहीही लावू नका. गाळ्यांमधली ती वायर आधी उपटा. तुमची रेंज १९२.१६८.१०, त्यांची १९२.१६८.२०. भावाचा राउटर बँडविड्थ कंट्रोलवाला बघा आणि अपलोडला लगाम घाला. अपलोड तुंबलं की डाउनलोडच्या पोचपावत्याही अडकतात, म्हणून जीएसटीचं पोर्टल रखडतं. तोटा एकच, डबल नॅट, म्हणजे पत्ते दोनदा बदलले जातात, एकदा तुमच्या राउटरमध्ये आणि एकदा डब्यात. बाहेरून आत यायला पोर्ट (आतल्या कॉम्प्युटरपर्यंतची वाट) उघडायचा झाला तर दोन ठिकाणी उघडावा लागेल.

गल्लीतला_अ‍ॅडमिन: तारमास्तरांना +१. पुढेमागे तिसरा गाळा जोडणार असाल तर व्हीलॅनवाला (एकाच यंत्रात अनेक वेगळी नेटवर्क पाडणारा) राउटर घ्या, मायक्रोटिक किंवा टीपी-लिंकचा ईआर६०५. पण नुसते व्हीलॅन पाडून थांबू नका. मायक्रोटिक आपणहून दोन्हींमध्ये रस्ता जोडून देतो, तो फायरवॉलमध्ये अडवावा लागतो.

ताई_टॅली: भावाकडून पैसे घेता का? कंपनीच्या अटी वाचा, बऱ्याच जणांना लाईन वाटलेली चालत नाही. आणि त्याच्याकडून काही भलतंच झालं तर बाहेर आयपी तुमचाच दिसणार.

हिशेबनीस: पैसे नाही, दिवाळीला काजूकतली येते. अटी वाचतो.

हिशेबनीस: रविवारी केलं. आधी इंटरनेटच येईना. डबा आणि नवे राउटर, सगळेच १९२.१६८.१ वर! रेंज बदलल्यावर सुरू. भावाकडून आमच्या सर्व्हरला पिंग मारला (पोचतोय का पाहायचा संदेश), उत्तर नाही. आमच्याकडून त्याच्याकडेही नाही. फक्त त्याच्या कलर प्रिंटरवर मी चोरून प्रिंट काढायचो, ते बंद झालं. आता पेनड्राइव्ह घेऊन जातो, चहा करायला लावतो.