क्योतोत दोन दिवस, सोबत आठ महिन्यांचं बाळ: बाबागाडी न्यावी का?

पायपीट
टोकियोहून शनिवार-रविवार क्योतोला निघालेल्यांना हमखास मिळणारा सल्ला: "बाबागाडी घ्याच, जपानात सगळीकडे लिफ्ट असते." लिफ्ट स्टेशनात असते हो, देवळात नसते! फुशिमी इनारी देवळात लाल तोरींची (लाकडी कमानींची) रांग सुरू झाली की लवकरच पायऱ्या लागतात. निनेनझाका आणि सान्नेनझाका या गल्ल्याही पायऱ्यांच्याच. जुन्या राजवाड्याभोवतीच्या बागेतली खडी इतकी जाड की पुढची चाकं रुततात, मग गाडी उलटी फिरवून ओढत न्यायची. शहर बसमध्ये मागून चढून पुढून उतरायचं, 230 येन उतरताना द्यायचे. शनिवारच्या गर्दीत गाडीसकट पुढच्या दारापर्यंत पोचणार कसे? पोटाशी बांधायचा कॅरियर घ्या, गाडी घरी ठेवा.

उतारपेठकर
साफ असहमत. आठ किलोचं बाळ आठ तास पोटाशी बांधून फिरा, संध्याकाळी कंबर उत्तर देईल. शिवाय बाळाची दुपारची झोप कुठे? गाडी आडवी करता येते, आईबाबा आडवे होऊ शकत नाहीत.

चूक गाडीची नाही, जागा निवडण्याची आहे. भुयारी रेल्वेच्या कारासुमा आणि तोझाई या दोन्ही मार्गांवर लिफ्ट आहेत, तेव्हा बस शक्य तितकी टाळा. किंकाकुजी या सोनेरी देवळाला क्योतो स्टेशनपासून बसने जाऊ नका. कारासुमा मार्गाने किताओजीपर्यंत जा, बस फक्त तिथून पुढे. तोजी हे देऊळ क्योतो स्टेशनपासून पायी पंधरा मिनिटांवर, आवार सपाट. बाळाला मोकळं सोडायचं तर कामो नदीचा काठ.

डोंगरउतारावरचं कियोमिझुदेरा देऊळ सकाळी सहाला उघडतं. बाळ पाचला उठवतंच, त्याचा फायदा घ्या. टॅक्सीने वर जा (जपानी कायद्यात टॅक्सीला बाळाच्या आसनाची सक्ती नाही). चालत जायचं तर चावानझाका या गल्लीने चढा, तिथे नुसता चढ आहे. नऊनंतर त्या भागात कॅरियरवाल्याचेही हालच.

पायपीट
सहाची टॅक्सी मान्य. पण निजो किल्ल्यातला निनोमारू महाल, सांजुसान्गेन्दो देऊळ, इथे बूट काढून आत जायचं असतं. गाडी बाहेर ठेवून बाळ काखेत घेणार, म्हणजे कॅरियर लागलाच की! (बूट बिनलेसचे घाला. बाळ बांधलेलं असताना वाकून गाठ सोडवणं म्हणजे शिक्षा.) आणि खांदे दुखतात ते पट्टा चुकीचा बांधल्यामुळे. कमरेचा पट्टा आधी, नाभीच्या पातळीवर घट्ट, खांद्याचे नंतर. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत आणि कपाळाचा मुका सहज घेता यायला हवा. एवढं जमलं की भार कमरेवर येतो.

उतारपेठकर
जुलै-ऑगस्टमध्येही हेच सांगाल? क्योतो खोलगट, तीन बाजूंनी डोंगर, वारा कमी, पारा 35 च्या वर. छातीला छाती चिकटवून दोन शरीरांची भट्टी होते.

पायपीट
गाडीतलं बाळही तापलेल्या डांबराच्या जवळ असतं, तिथे हवा आणखी गरम. उन्हाळ्यात अकरा ते चार बाहेर पडूच नये, मग वाहन कुठलंही असो.

मऊभात
तुमचं भांडण चालू द्या, पण बाळ खाणार काय ते कोणीच बोलत नाही. शाकाहारी घरांसाठी: औषध दुकानातल्या तयार बाळखाण्याच्या पाकिटांवर 7, 9, 12 असे महिने लिहिलेले असतात, पण भाजीच्या चित्राखालीही बहुतेकदा माशाची दाशी (सुपाचं पाणी) किंवा कोंबडीचा अर्क निघतो. घटकांची यादी फोनने भाषांतर करून वाचा. सुपरमार्केटमधली साध्या ओकायूची, म्हणजे आपल्या पेजेची, पाकिटं बरी. मीठ नाही ना, तेवढं बघा. त्यात घरून नेलेली भाजलेल्या मुगाची पूड कालवली की काम झालं. वर्षाखालच्या बाळाला मध नको, आणि गोड पदार्थांत तो असू शकतो.

वरच्या दुधासाठी दूध पावडरीच्या वड्या मिळतात, एका वडीत 40 मिली दूध, मोजायचा चमचा नको. गरम पाणी मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरच्या बाळखोलीत मिळतं. क्योतो स्टेशनाला लागूनच इसेतान हे असं स्टोअर आहे. डायपरचं माप बाळाच्या वजनावरून निवडा: M साधारण 6 ते 11 किलो.

हरणटोळी
मूळ प्रश्नच चुकलाय. पहिल्या खेपेला क्योतो कशाला? जवळचं नारा करा, तिथल्या बागेत हरणं मोकळी फिरतात. क्योतोहून किन्तेत्सू या खासगी रेल्वेच्या जलद गाडीने 35 मिनिटं, स्टेशनातून बाहेर पडलं की बागेतले रुंद, बरेचसे सपाट रस्ते. तोदाइजी देवळातला बुद्ध 15 मीटरचा, एवढा मोठा की आठ महिन्यांचं बाळही मान वर करून बघतं.

उतारपेठकर
आणि हरणं? गाडीला लटकवलेली पिशवी, नकाशा, दुपटं, सगळं ओढतात. शरद ऋतूत नर अंगावर येतात, मे ते जुलै पाडसं असलेल्या माद्या.

हरणटोळी
पिशवीला चेन लावा, हरणांना चारायची बिस्किटं बाळ गाडीत असताना घेऊच नका. हातात बिस्किट नसेल तर बहुतेक हरणं ढुंकूनही बघत नाहीत.

उतारपेठकर
बरं, गाडी नेणारच असाल तर शिनकानसेनमध्ये (बुलेट ट्रेनमध्ये) शेवटच्या रांगेचं, मागे मोठ्या सामानाची जागा असलेलं आसन आरक्षित करा. बाबागाडीला ते सक्तीचं नाही, पण मागची जागा त्या आसनवाल्यांची असते. नोझोमी या सर्वात वेगवान शिनकानसेनच्या 11 व्या डब्यात दूध पाजायला खोली असते, कंडक्टरला विचारून मिळते. म्हणून आसन 11 किंवा शेजारच्या डब्यात घ्या. दुपटं सावरत सहा डबे चालायचं नसेल तर.

पायपीट
हे पटलं. गाडी घेणार असाल तर पाच किलोच्या आतली, एका हाताने मिटणारी घ्या. आणि कॅरियर तिच्या टोपलीत टाका.