थंडररवरची दोनदा ठासलेली तोफ

वर कुणीतरी विचारलंय, तोंडाकडून भरायच्या तोफा एवढ्या साध्या नि दणकट होत्या, तर ब्रिटिश नौदलाने त्या सोडल्या कशाला? लांब नळ्या तोंडाकडून भरणं अवघड, हे कारण आहेच, पण 'थंडरर' या ब्रिटिश युद्धनौकेवरचा अपघात विसरू नका. २ जानेवारी १८७९, मार्माराचा समुद्र. जहाजावरच्या तोफांच्या फिरत्या बुरुजातल्या ३८ टनी दोन तोफा एकदम डागल्या. एक उडालीच नाही, आणि जोडीदारणीच्या दणक्यात ते कुणाला कळलंही नाही! भरणी बुरुजाबाहेरून, हायड्रॉलिक (पाण्याच्या दाबाने चालणाऱ्या) दांड्याने, म्हणून आधीची भरणी आतच आहे हे तेव्हाही लक्षात आलं नाही. तीच तोफ पुन्हा ठासली, डागली आणि फुटली. ११ जण गेले. तोफ दोनदा ठासली गेली, हा चौकशीचा निष्कर्ष अनेकांना पटेना, म्हणून लंडनजवळच्या वूलिच शस्त्रागारात दुसरी तोफ मुद्दाम दोनदा ठासून फोडून दाखवली. मागून भरायच्या तोफेत आधीचा गोळा अडकलेला असेल तर दुसरा आत शिरतच नाही.