अनुभव धागा : आहेर, रुसवे आणि नटबोल्ट

बडोद्यात यंत्रं शिकवायची रीत १८९० च्या कलाभवनापासूनची. तरी शिकाऊ पोरापोरींना आजही सूत्र तोंडपाठ येतं आणि पॅनेलसमोर उभं केलं की बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. तुम्ही त्यांना संसारातला कोणता दाखला देऊन काय समजावता, ते इथे लिहा. अटी दोनच. बायकोची खरेदी आणि नवऱ्याचं घोरणं हे शिळे विनोद नकोत. आणि दाखला आकड्यापर्यंत पोचला पाहिजे, नाहीतर ती नुसती वरातीतली थट्टा.

मकरपुरा जीआयडीसी, पॅनेलचं काम

रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर म्हणजे आहेर. त्यांनी साडी दिली, आपण शर्टपीस दिलं. पुढच्या कार्याला उलट. वर्षअखेर दोन्ही घरची कपाटं होती तेवढीच भरलेली, पण दांडिया बाजार ते निझामपुरा रिक्षाभाडं मात्र खरंच गेलं. मोटरला चुंबकक्षेत्रासाठी ही देवघेव चुकत नाही. त्यातून काम निघत नाही, केबल तापते.

१०० किलोवॉटचा भार ०.८ पॉवर फॅक्टरवर (एकूण घेतलेल्या विजेतला कामाला लागणारा हिस्सा) १२५ केव्हीए (काम आणि आहेर मिळून एकूण) घेतो, ४१५ व्होल्टला सुमारे १७४ अँपिअर. तोच ०.९५ वर आणला की १०५ केव्हीए आणि १४६ अँपिअर. केबलमधला तोटा प्रवाहाच्या वर्गावर ठरतो, म्हणून तो साधारण २९ टक्क्यांनी उतरतो. ही देवघेव जागच्या जागी भागवणारा कपॅसिटर किती लावायचा? आधी ७५ केव्हीएआर (आहेराचं माप) होते, नंतर ३३ उरतात, म्हणजे ४२ चा.

लावायचा कुठे, यावरच खरी गंमत. मोटरजवळ लावला तर आहेर शेजारच्या शेजारी फिरतो. मीटरजवळ लावला तर बिल सुधारतं, पण कारखान्याच्या आतली केबल पहिल्यासारखीच तापते. रात्री मोटरी बंद आणि कपॅसिटर चालूच राहिला की पॉवर फॅक्टर लीडिंग होतो (प्रवाह व्होल्टेजच्या पुढे धावतो), व्होल्टेज चढतं. व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी उपकरणं) भरपूर असतील तर हार्मोनिक्समुळे (५० हर्ट्झच्या पटीतल्या लहरींमुळे) कपॅसिटरचे डबे फुगतात. तिथे सिरीजमध्ये ७ टक्के रिअ‍ॅक्टर (वेटोळं) टाकायचा, म्हणजे जोडीची रेझोनन्स (दोघं मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला सर्वात जोरात डोलतात ती) १८९ हर्ट्झवर बसते, पाचव्या हार्मोनिकच्या २५० हर्ट्झपेक्षा खाली. फक्त एक ध्यानात ठेवा : या रिअ‍ॅक्टरमुळे कपॅसिटरवरचं व्होल्टेज ४१५ वरून ४४६ होतं. ४४० चा डबा तिथे लावू नये, ४८० किंवा ५२५ चा घ्यावा.

कोयलीकडून, इन्स्ट्रुमेंटेशन

तापमान वगैरे आपोआप राखणाऱ्या पीआयडी कंट्रोलरमधला आय (इंटिग्रल, म्हणजे चुकीची साठत जाणारी बेरीज) म्हणजे रुसव्याचं खातं. सेटपॉइंट (हवं असलेलं तापमान) ८० अंश, पण वाफेचा दाब पडलाय आणि तापमान ७२ वर अडकलंय. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, बिचारा आणखी काय करणार? कंट्रोलर मात्र दर सेकंदाला त्या ८ अंशांची बेरीज खात्यावर मांडतच राहतो. नाइट शिफ्टच्या माणसाला घरी येणं शक्यच नसतं, तरी ‘अजून आला नाही’चं मीटर पळतंच, तसं. मग वाफ येते, ८० ओलांडतं, ८५ होतं, ९० होतं, आणि व्हॉल्व्ह तरी उघडाच. साठलेलं सगळं उलट्या चुकीने फेडल्याशिवाय तो मिटत नाही. माणूस लवकर घरी आला तरी रुसवा तिसऱ्या दिवशी सुटतो, त्याचं कारण हेच. याला इंटिग्रल वाइंडअप म्हणतात.

उपाय : आउटपुट ० किंवा १०० वर टेकलं आणि चूक अजून त्याच दिशेला ढकलत असेल, तर बेरीज थांबवायची. बहुतेक कंट्रोलरमध्ये ही सोय असते. तरीही वाइंडअप होतो, कारण व्हॉल्व्हला ८० टक्क्यांवर यांत्रिक स्टॉप असतो आणि कंट्रोलरची मर्यादा १०० वरच सोडलेली असते. आपण थांबलोय हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. म्हणून मर्यादा ८० करा, किंवा व्हॉल्व्हची खरी जागा फीडबॅक म्हणून परत द्या.

उत्तर : फतेगंज

पीआयडीतला डी (डेरिव्हेटिव्ह, म्हणजे चूक किती वेगाने बदलतेय ते बघणारा) राहिला की! भुवई हलली रे हलली, ‘काय झालं?’ विचारणारा तो डी. फ्लोच्या (प्रवाहाच्या) कंट्रोल लूपमध्ये सिग्नल मुळातच थरथरता असतो, तिथे डी शून्य ठेवा, नाहीतर व्हॉल्व्ह दिवसभर दचकत राहतो. तापमानाच्या संथ लूपला मात्र तो उपयोगी, तोही फिल्टर लावूनच.

वाघोडिया रोड, फॅब्रिकेशन

बोल्ट जोड धरतो तो प्रीलोडमुळे, म्हणजे आधीच दिलेल्या ताणामुळे. एम१२, ग्रेड ८.८ चा बोल्ट प्रूफ लोडच्या (बोल्ट कायमचा न लांबता पेलेल त्या भाराच्या) ७५ टक्क्यांपर्यंत ताणायचा तर सुमारे ३६ ते ३७ किलोन्यूटन लागतात, आणि कोरड्या आट्यांना साधारण ८८ न्यूटन-मीटर टॉर्क. यातला जवळपास ९० टक्के घर्षणातच जिरतो, जेमतेम १० टक्के बोल्ट ताणतो. (संसारात किती जिरतो ते ज्याचं त्याने मोजावं.)

गोची इथेच आहे. आट्यांना तेल लावलं आणि टॉर्क तोच ठेवला, तर ताण तिसऱ्या हिश्श्याने वाढतो आणि बोल्ट लांबतो. तेल असेल तर ६५ च्या आसपास थांबा. फ्लँज (पाइप जोडायची बोल्टची चकती) एका बाजूने पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे बोल्ट घेत ३०, ७० आणि १०० टक्के अशा तीन फेऱ्या करा. एकाच सासरची बाजू घेतली की गॅस्केट दुसऱ्या बाजूने गळणारच.

अलकापुरी, घरचं वायरिंग

खोलीतलं भांडण खोलीतच तुटावं, दिवाणखान्याचे दिवे जाऊ नयेत. याला सिलेक्टिव्हिटी म्हणतात. खोलीला सी-१६ एमसीबी (आपोआप तुटणारा स्विच, १६ अँपिअरचा) आणि मेनला सी-३२ असला की लोकांना वाटतं झालं काम. सी-कर्व्हचा (सी प्रकारचा) एमसीबी रेटिंगच्या ५ ते १० पटींत क्षणात तुटतो, म्हणजे १६ वाला ८० ते १६० अँपिअरला आणि ३२ वाला १६० ते ३२० ला. शॉर्ट सर्किटचा प्रवाह ६०० अँपिअर आला तर दोघांनाही एकाच वेळी राग येतो. आरसीसीबीचंही (जमिनीकडे गळणाऱ्या प्रवाहावर तुटणारा स्विच) तेच : ३० मिलिअँपिअरचे दोन एकामागे एक लावले तर गीझरच्या गळतीत कुठला पडेल ते सांगता येत नाही. वरचा १०० किंवा ३०० चा, उशिराने पडणारा एस टाइप घ्या. एमसीबीसाठी वर शॉर्ट-टाइम डिले (क्षणभर थांबून तुटायची सोय) असलेला एमसीसीबी (मोठ्या प्रवाहाचा ब्रेकर) किंवा एचआरसी फ्यूज (मोठा शॉर्ट सर्किट प्रवाह तोडू शकणारा) बसवा आणि कंपनीच्या सिलेक्टिव्हिटी टेबलमध्ये जोडी तपासा. वरचा एका कंपनीचा आणि खालचा दुसऱ्या कंपनीचा असेल तर ते टेबल लागू होत नाही.