पालिकेची सूचना दारापर्यंत पोचते का? खान्देशकरांनो, अनुभव लिहा

बोरीकाठची (धागा काढणारी)

राम राम मंडळी. 2025 च्या डिसेंबरात आपल्याकडच्या नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या. त्याआधी काही वर्षं बहुतेक ठिकाणी प्रशासक होते. नगरसेवकच नाही म्हटल्यावर "जरा विचारून सांग रे भाऊ" म्हणायला ओटाच राहिला नव्हता. पालिका सूचना काढते, ती रीतसर फलकावर लागते, पेपरात आतल्या पानावर बारीक टायपात येते. आपल्याला मात्र मुदत उलटल्यावर, चहाच्या टपरीवर कळते. माझं म्हणणं असं की सूचना नसते असं नाही, ती आणून देणारं माणूस लागतं. तुमच्याकडे ते माणूस कोण?

पाणी, घरपट्टी, मतदार यादी, आरक्षण, पूर, दाखले, काहीही चालेल. तक्रार असेल तर गावाचं नाव टाकू नका, मागच्या धाग्यात झाली तेवढी भांडणं पुरे.

कळशी_हंडा

आमचं माणूस म्हणजे वॉलमन भाऊ, गल्लीला नळाचं पाणी सोडणारे. पालिकेच्या वेळापत्रकात आमच्या भागाचा वार लिहिलेला आहे, पण तो वार पाळला जाईल असं कुणीच धरून चालत नाही. जॅकवेलवरची (नदीतून पाणी उपसायच्या विहिरीवरची) लाईट गेली, मेन लाईन फुटली, टाकी भरली नाही, की वार पुढे सरकतो. मग गल्लीतल्या आम्ही बायांनी फोनवर ग्रुप केला आणि त्यात वॉलमन भाऊंना घातलं. भाऊ लिहीत नाहीत, बोलून पाठवतात: "माय वो, जॅकवेलनी लाईट गयी, पानी रातले येई." एवढंच. पण त्यावर अख्ख्या गल्लीची रात्र ठरते. कोण जागणार, कुणाची मोटर आधी लागणार, पापड करायचे की नाही.

एकदा त्यांचं काम जवळून बघितलं. सळईने चेंबरचं झाकण उचललं, लांब लोखंडी चावी आत सोडली आणि तोंडाने आटे मोजत फिरवली. म्हणाले, ताई, तुमच्या चढाला बारा आटे लागतात, खालच्या गल्लीला सातच. खाली जास्त उघडलं तर तिकडे अंगणं धुतली जातात आणि तुमच्याकडे नुसती हवा येते. हा हिशोब कुठल्याच कागदावर नाही. ते रिटायर झाले की नवा माणूस पुन्हा गल्लीच्या शिव्या खाऊन शिकणार.

भरीत_पुरी

+1. आमच्याकडे पालिकेची टोल-फ्री तक्रार आहे, पण वॉलमनचा नंबर सुनेच्या मोबाईलमध्ये पहिला सेव्ह होतो. माहेरचा दुसरा.

तापीचा_पोऱ्या

माझं गाव भुसावळच्या खालच्या अंगाला, तापीकाठी. आमच्याकडची सगळ्यात मोठी सूचना हतनूरची. धरणाला 41 दरवाजे. पावसाळ्यात "इतके दरवाजे उघडले, नदीकाठच्यांनी सतर्क राहावे" असा मेसेज फिरतो आणि इथे डोक्यावर ऊन असतं. बाहेरगावचा पाहुणा हसतो. त्याला सांगावं लागतं की बाबा, पाऊस बऱ्हाणपूरकडे पडलाय, नाहीतर विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात. तापी-पूर्णा चांगदेवला भेटतात आणि ते सगळं हतनूरच्या पोटात येतं. आमच्या आभाळावरून पूर ओळखायचा नसतो.

तहसीलचा मेसेज येतो, मग कोतवाल फिरतो, मग देवळाच्या भोंग्यावरून पुकारा होतो. पुकाऱ्यात गडबड एकच. नुसता दरवाज्यांचा आकडा सांगतात. दरवाजा अर्धा मीटर उघडला की पूर्ण, आणि विसर्ग किती क्युसेक (सेकंदाला किती घनफूट पाणी), हे सांगितल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. 20 दरवाजे अर्धा मीटर उघडले तर आम्ही घाटावर फोटो काढायला जातो. सगळेच पूर्ण उघडले तर आधी नदीतल्या मोटारी आणि पाइप वर ओढायचे, मग गुरं. आता गावातला एक पोरगा धरणावरच्या ओळखीतून क्युसेकचा आकडा मिळवून टाकतो. त्याच्या मेसेजवर मोटारी निघतात, सरकारी मेसेजवर नाही.

गिरणामाय

आमच्याकडे उलटं. गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन (ठरलेल्या पाळीचं पाणी) सुटलं की उन्हाळ्यातली कोरडी नदी वाहते. चाळीसगाव, भडगाव, पाचोरा असं पाणी खाली येत जातं आणि वाटेतली वाळू आधी आपलं पोट भरते. सूचना येते की नदीपात्रातल्या शेतीच्या मोटारी बंद ठेवा, नदीकाठची वीज तोडली जाईल. ही सूचना मात्र पाण्याच्या आधी पोचते बरं का. कारण वीज खरंच तोडतात.

एनए_प्लॉट

जरा लांब लिहितो, कारण कुणाच्या तरी कामी येईल.

आमच्या शहराची हद्द वाढली आणि नवा प्रारूप विकास आराखडा आला. वडिलांच्या शेताच्या कोपऱ्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण पडलं. आम्हाला ना नोटीस, ना फोन. कायद्याने प्रत्येकाला घरी कळवायची सक्ती नाही. राजपत्रात आणि पेपरात जाहिरात, नकाशा कार्यालयात बघायला ठेवायचा, आणि हरकत घ्यायला 30 दिवस. वडील पेपर वाचतात, पण निधन वार्ता आणि बाजारभाव. ते पान त्यांच्या हातातूनच गेलं असणार.

कळलं ते कसं, तर शेजारचा शेतकरी स्वतःच्या गटासाठी नकाशा बघायला गेला होता. तिथे भिंतीवरच्या नकाशात आमच्या गट नंबरावर हिरवा रंग दिसला. त्याने बांधावर येऊन सांगितलं, "आबा, तुमच्या वावरात पोरं क्रिकेट खेळणार आहेत." वडिलांना आधी थट्टाच वाटली.

मुदतीत हरकत दिली, पोच घेतली (पोच घ्याच, शिक्क्यासह), सुनावणीला उभं राहिलो. मागणी साधी होती: लागून असलेली सरकारी पडीक जमीन घ्या. निकाल अजून लागायचा आहे. वकिलांनी आणखी एक गोष्ट सांगितली. अंतिम आराखडा लागू झाल्यापासून 10 वर्षांत जागा घेतली नाही तर नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली खरेदीची नोटीस देता येते. नोटिशीनंतर 24 महिन्यांत जागा घेतली नाही किंवा भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द समजलं जातं. म्हणजे घाई शासनाला नाही, मालकाला तारीख लक्षात ठेवावी लागते. ती तारीख मी घरातल्या देव्हाऱ्यामागे लिहून ठेवणार आहे.

पिंप_झाकण

डेंग्यूच्या दिवसांत आमच्याकडे रिक्षावर भोंगा लावून पुकारा: "आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सर्व भांडी रिकामी करून घासून वाळवा." अगदी बरोबर. डासाच्या अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो, ते चक्र मोडायचं तर भांडं कोरडंच करायला हवं.

पण पाणी आठव्या दिवशी येतं ना दादा! सातव्या दिवशी पिंप ओतून दिलं आणि आठव्या दिवशी लाईन फुटली, तर? रिक्षावाल्याला विचारलं. तो म्हणाला, मावशी, मला दोन्ही टेप दिल्यात, ही सकाळची, पाणी जपून वापरायची संध्याकाळची.

आशाताई मात्र शहाणी निघाली. म्हणाली, ओतायचं नाही. एका पिंपातलं दुसऱ्यात गाळून घ्या, रिकामं झालेलं कडेने काथ्याने घासून उन्हात घाला, वर धोतराचं फडकं बांधा. टाकीत अबेट (डासाच्या अळ्या मारायचं औषध) टाकायला मी येते. अंडी कडेला चिकटलेली असतात, म्हणून घासणं महत्त्वाचं. हे भोंग्यावर कुणी का सांगत नाही?

अहिराणी_बोल

@पिंप_झाकण, मावशी, भोंग्यावरची भाषा प्रमाण आणि पिंप आपलं. म्हणून.

पुढच्या_प्रभागातला

निवडणुकीआधी 1 जुलै 2025 ची विधानसभेची यादी फोडून प्रभागनिहाय याद्या केल्या. प्रारूप यादी लागली तेव्हा आमची अख्खी गल्ली नाल्यापलीकडच्या प्रभागात. समोरासमोरची दारं, मधे आठ फुटांचा रस्ता, आणि समोरचे एका प्रभागात, आम्ही दुसऱ्यात. हरकतीला मोजके दिवस. शोधून कुणी काढलं? इच्छुक उमेदवाराने. त्याची हक्काची मतं पलीकडे गेली होती ना! रातोरात अर्ज छापून घरोघर सह्या घेतल्या. एरवी पाच वर्षं तोंड न दाखवणारा माणूस, पण त्या आठवड्यात सूचना आणून देण्याचं काम त्याने चोख केलं. गल्ली परत आली. तो पडला, ते वेगळं.

आणखी एक. नगरपालिकेला नगराध्यक्षाचं एक आणि प्रभागातल्या सदस्यांची बहुतेक ठिकाणी दोन, अशी तीन मतं द्यायची होती. आमच्या आजीने एक बटण दाबलं आणि निघाली. साहेब म्हणे, थांबा आजी, अजून बाकी आहे. आजी म्हणे, बाकीचे मला नको आहेत. बरीच रदबदली झाली.

सातपुड्यातली_मास्तरीण

मी धडगावकडे शिकवते. इथे नगरपंचायतीचा कागद मराठीत, आणि आसपासच्या पाड्यांवरचे लोक घरी पावरी ही आदिवासी बोली बोलतात. फलकापाशी मी कुणाला थांबलेलं पाहिलं नाही. पण बाजाराच्या दिवशी डोंगरातून सगळे खाली उतरतात. तेव्हा एक जण पावरीतून पुकारतो: लसीकरण कधी, दाखल्याचं शिबिर कुठे, येताना कोणते कागद आणायचे. लोक मिठाची पुडी बांधता बांधता ऐकतात, उलटे प्रश्नही विचारतात. भोंग्याला प्रश्न विचारता येत नाही, हा फरक फार मोठा आहे. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारात तर कामाला बाहेर गेलेलेही परतलेले असतात. शिबिराची तारीख तेव्हा पुकारली की निम्मं काम होतं.

मोगरीवाला

जळगावचा. आमच्याकडे कार्तिकी एकादशीच्या श्रीराम रथाची सूचना आजवर कुणाला चुकलेली पाहिली नाही. रथाच्या वाटेवरची वाहनं, टपऱ्या काढा, वायरी आडव्या येतात तिथली वीज इतक्या वेळ बंद. लोक आधीच विचारत येतात. मोगरी लावणारे चाकाखाली लाकूड सरकवून एवढा मोठा रथ वळवतात, त्यांच्या पायात कुणी येऊ नये म्हणून जुन्या गावातली म्हातारी माणसं स्वतः पोरांना मागे ओढतात. घरपट्टीच्या सूचनेला असा रथ जोडता आला तर बघा.

माहेरवाशीण

ही गोष्ट फलकावर लिहूनही कुणाला कळत नाही, म्हणून इथे लिहिते. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या पालिकेत होते, सासरच्या गावात नाही. शाळेत घालायच्या वेळी सासरच्या पालिकेत खेटे घालून उपयोग नसतो. 21 दिवसांत नोंद झाली तर फी नाही. दवाखाना नोंद पाठवतो, पण त्यात बाळाचं नाव नसतं, कारण बारसंच झालेलं नसतं. नाव नंतर जाऊन टाकायचं. वर्षाच्या आत फी न भरता, पुढे 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांना तर शाळाप्रवेशापासून मतदार नोंदणीपर्यंत जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागणार आहे. पुढच्या वेळी माहेरी गेलात की आईच्या हातचा रोट खाण्याआधी हे काम करून या. आपली खान्देशची देवी कानबाई रागावणार नाही.

गोठ्याची_खोली

दर चार वर्षांनी घरपट्टीची फेरआकारणी होते. मोजणीवाले आले तेव्हा घरात फक्त सासूबाई. नोटीस आली त्यात आमचा गुरांचा गोठा "निवासी खोली, पत्र्याचे छत". नवऱ्याने दोन म्हशींचा फोटो काढला, हरकत अर्जाला जोडला. सुनावणीला साहेबांनी फोटो बघून विचारलं, ह्या कायम इथेच राहतात का? हो म्हटलं, पण त्यांचं नाव रेशनकार्डात नाही. आकारणी कमी झाली. नोटीस हातात पडली की मापं स्वतः टेप लावून ताडून बघा आणि मुदतीत बोला. थकलं की महिन्याला 2 टक्के शास्ती (दंड), म्हणजे वर्षाला 24. सोसायटीचं पीककर्ज त्यापुढे स्वस्त.

टेबल_नंबर_तीन

मी एका पालिकेत कारकून. आमचीही बाजू ऐका. "तमाम नागरिकांस या जाहीर सूचनेद्वारे कळविण्यात येते की" हे आम्हाला आवडतं म्हणून लिहीत नाही. उद्या कुणी कोर्टात गेलं तर कलम, तारीख, मुदत सगळं त्या मजकुरात असावं लागतं. तो बदलायचा अधिकार मला नाही.

पण वरची मोकळी जागा माझी. मुख्याधिकारी साहेबांना विचारून मी तिथे जाड अक्षरात तीन ओळी टाकायला लागलो: काय आहे, कधीपर्यंत, कोणत्या टेबलावर यायचं. नंतर तोच मजकूर सफाईच्या एका ताईंकडून अहिराणीत बोलून घेतला आणि घंटागाडीच्या गाण्यामागे जोडला. आता खिडकीवर येणारी माणसं कागद हातात धरून येतात, त्यामुळे माझंच काम कमी झालंय.

कळशी_हंडा

कोणती पालिका ते सांगा ना दादा! कौतुकाला तर बंदी नाही.

टेबल_नंबर_तीन

नाव टाकलं तर ताईंना उद्या दहा पालिकांतून बोलावणं येईल. आमच्याकडे त्या एकट्याच आहेत.

नवी_कॉलनी

सगळं खरं, पण आमच्या कॉलनीत घंटागाडीच येत नाही. अहिराणीत काय आणि मराठीत काय.

टेबल_नंबर_तीन

बिल्डरने ले-आऊटमधले रस्ते आणि ओपन स्पेस पालिकेच्या ताब्यात दिले आहेत का ते आधी बघा. बांधकाम विभागात माहितीचा अर्ज करा, गट नंबर टाकून. हस्तांतर झालेलं असेल तर आरोग्य विभागाला लेखी द्या, गाडीच्या फेरीत कॉलनी घालायला लावा. झालेलं नसेल तर बिल्डरला गाठा, आणि एकट्याने जाऊ नका.