मदत हवी आहे: युगांडाला परत निघालोय, म्हापशात सासूबाई एकट्या राहणार

नमस्कार. आम्ही नवराबायको युगांडात मिशनच्या दवाखान्यात काम करतो, फोर्ट पोर्टलजवळच्या एका खेड्यात. मी परिचारिका. हे तिथल्या बायबल शाळेत शिकवतात आणि दवाखान्याचा हिशेबही बघतात. पाच वर्षांनी फर्लोवर, म्हणजे मिशनच्या लांब सुट्टीवर आलो, गेले दहा महिने म्हापशाला घरी आहोत आणि फेब्रुवारीत परत जायचं आहे.

कागदपत्रांची कामं होत आली. यलो फीव्हरच्या कार्डावर दहा वर्षांची मुदत छापलेली आहे, पण 2016 पासून ती लस जन्मभरासाठी धरतात, त्यामुळे पुन्हा टोचून घ्यावी लागली नाही. मडगावपासून सावंतवाडीपर्यंतच्या, आमच्या कामाला पैसे देणाऱ्या मंडळ्यांना (चर्चना) भेटून कामाबद्दल सांगून झालं. जायची ओढही आहे. तिकडे तोरो लोक प्रत्येकाला जवळिकीचं एक नाव देतात, त्याला एम्पाको म्हणतात. माझं अमोती. दहा महिन्यांत त्या नावाने कुणी हाक मारली नाही, ते जाणवतं.

अडलंय ते सासूबाईंपाशी. त्या 79 वर्षांच्या आहेत, मधुमेह आहे, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. दोन वर्षांपूर्वी आम्ही तिकडे असताना एका सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवत दारात थांबला. आई पाव घ्यायला बाहेर आल्या नाहीत. तो पुढे न जाता शेजारच्या वहिनींना हाक मारून घेऊन आला. आई स्वयंपाकघरात घामाने भिजून बसल्या होत्या, बोलणं तुटक. आदल्या रात्री इन्सुलिन घेतलं होतं, जेवल्या मात्र नव्हत्या. साखर 48 वर उतरलेली. वहिनींनी साखरेचं पाणी पाजलं आणि 108 ला फोन केला. मला हे कळलं तेव्हा मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आईला सलाईन लावत होते. तो दिवस अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

आता डॉक्टरांनी इन्सुलिन दोन वेळांऐवजी एकदाच केलंय, सकाळी, आणि डोसही कमी केला. या वयात साखर थोडी चढी राहिली तर चालते, पण एकदम उतरली तर जिवावर बेतू शकतं. म्हणजे रोज आठच्या सुमाराला कुणीतरी समोर हवं: आधी साखर तपासायची, मग टोचायचं, मग नाश्ता.

वृद्धाश्रमात जायला त्या तयार नाहीत. "तुम्ही जा, मी देवाच्या हाती आहे," एवढंच म्हणतात. माझाही तोच विश्वास आहे, पण त्या सुईला हात तर लागतोच ना कुणाचा. मंडळीतल्या बहिणी आळीपाळीने येऊ म्हणतात. त्यांच्या मनाबद्दल शंका नाही, पण पावसात, लग्नसराईत एखादा दिवस चुकणारच. मग पगारी बाई ठेवायची का? मंडळ्यांनी सेवाकार्यासाठी दिलेले पैसे घरासाठी वापरायला माझं मन धजत नाही. यांचं म्हणणं, आईची सोय झाली तरच आपण तिकडे काम करू शकतो, म्हणजे तो कामाचाच खर्च.

परदेशी राहून कुणी असं घर सांभाळलंय का? म्हापसा भागात सकाळी तासभर येणारी खात्रीची परिचारिका कशी शोधावी?

फोंडेकर: ताई, आधी कागद. बँकेच्या आणि घराच्या कामांसाठी मुखत्यारपत्र करून जा. लग्न गोव्यात नोंदलेलं असेल तर इथल्या कायद्याने नवराबायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात, तेव्हा दोघांच्याही सह्या घ्या. आईंचं दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं (गोवा सरकारचा आरोग्य विमा) कार्ड चालू आहे का तेही बघा. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखांपर्यंत संरक्षण असतं.

मोगरा: पैशांचं मंडळ्यांना उघड विचारा की. "सासूबाईंची देखभाल" असा वेगळा रकाना मांडा, ज्याला द्यायचे तो देईल. माझ्या आईकडे पगारी बाई येते आणि शेजारीण रोज डोकावते. दोन्ही लागतात. एकटीवर भार पडला की ती थकते.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. मुखत्यारपत्राचं डोक्यातच नव्हतं, सोमवारी नोटरीकडे जातो. वेगळ्या रकान्याचं यांना लगेच पटलं, मलाही पटतंय. पाळकांशी बोलून पत्र लिहिते.

आई इन्सुलिनचं पेन वापरायला शिकताहेत. एक टिक म्हणजे एक युनिट, दहा टिका मोठ्याने मोजतात. इथले सकाळचे आठ म्हणजे तिथले साडेपाच, ड्युटीआधी व्हिडिओ कॉलवर मला बघता येईल. सराव म्हणून पुढचा आठवडाभर मी वरच्या खोलीतच राहणार आणि सगळं फोनवरूनच बघणार, खाली उतरायचं नाही. वहिनी आठला येतील. पोदेरालाही सांगून ठेवलंय, आई दिसल्या नाहीत तर आधीसारखाच थांब. परिचारिकेचा शोध मात्र चालूच आहे, कुणाच्या माहितीत असेल तर व्यनि करा.