जे मला ठाऊक आहे, ते माझ्या पात्राला ठाऊक असावे का?

पलितेदार:
आमचा पाच जणांचा गट दर रविवारी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची पाचवी आवृत्ती खेळतो. यात प्रत्येकाने एक पात्र साकारायचे आणि ते काय करते ते सांगायचे; जमले की नाही, हे बहुधा फासे ठरवतात. माझे पात्र म्हणजे खेड्यातून आलेला एक भाडोत्री शिपाई. त्याची बुद्धिमत्ता ८, म्हणजे बेताचीच, आहे आणि भुयारात उतरण्याची त्याची ही पहिलीच वेळ. गेल्या रविवारी आमची गाठ ट्रोल नावाच्या राक्षसाशी पडली. त्याच्या जखमा प्रत्येक पाळीला भरून येत आहेत हे दिसताच मी म्हणालो, “भिंतीवरची मशाल उपसून त्याच्यावर धावतो.” शेजारच्या मित्राने हातातले फासे खाली ठेवले आणि “हे तुला ठाऊक आहे, तुझ्या शिपायाला नाही,” असे सर्वांदेखत सुनावले. मी ओशाळलो, मशालीचा विचार सोडून पुढच्या तीन फेऱ्या तलवारच चालवली, आणि त्या नादात आमची पुजारीण मरता मरता वाचली. ट्रोल शेवटी निसटलाच. त्याच्या जखमा भरणे आगीने किंवा आम्लाने थांबते, हे खेळाचे पुस्तक चाळलेल्या कोणालाही ठाऊक असते. मग ठाऊक असलेली गोष्ट ठाऊक नसल्यासारखे वागायचे तरी कसे?

वीसपैकी एक:
तुमच्या मित्राने तुमच्याकडे मागितले ते अज्ञान नव्हते, वेड पांघरून पेडगावला जाणे होते. ज्याला ट्रोलविषयी खरोखरच काही ठाऊक नाही, असा माणूस तलवार चालेना म्हटल्यावर हाताला येईल ते वापरून पाहतो, आणि त्यात भिंतीवरची मशालही येते. तुम्हाला मात्र मशाल सोडून सर्व काही करण्याची मुभा होती. म्हणजे तुमच्या निर्णयावर पुस्तकातल्या माहितीचाच अंमल होता, फक्त उलट्या दिशेने. अशा वेळी स्वतःशी झगडत बसण्यापेक्षा डंजन मास्टरला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, सरळ विचारावे, की माझ्या शिपायाच्या कानावर ट्रोलविषयी काही आले असेल का. त्यांनी बुद्धिमत्तेची चाचणी १५ ला ठेवली, म्हणजे फाशाचा आकडा बुद्धिमत्तेची भर-घट धरून १५ पर्यंत जायला हवा असे ठरवले, तर ८ बुद्धिमत्तेचा उणे १ धरून तुम्हाला वीस बाजूंच्या फाशावर किमान १६ पडावे लागतील, म्हणजे सरासरी चारांतून एकदा. निकाल फाशाने दिला की शेजाऱ्याला बोट दाखवायला जागा उरत नाही.

पडद्यामागची:
आणि फासा पडला नाही तर? पुन्हा तीच पंचाईत. मी बरीच वर्षे खेळ चालवते आहे, आणि माझ्या मते यात दोष खेळाडूचा नसून चालवणाऱ्याचा असतो. हा खेळ १९७४ साली आला, तेव्हापासून ट्रोलचे हे कोडे पुस्तकात उत्तरासकट छापलेले आहे. ते जसेच्या तसे टेबलावर मांडून कोणी उत्तर ओळखू नये अशी अपेक्षा धरणे मला पटत नाही. माझ्या टेबलावरचा ट्रोल आगीला दाद देत नाही, त्याला मीठ लागते, आणि हे वेशीवरची म्हातारी सांगते, अर्थात कोणी तिच्याशी बोलायला थांबले तर. दुसरे असे, की तुमचा शिपाई अडाणी असला तरी ट्रोल असलेल्या जगात वाढला आहे. भुताचे पाय उलटे असतात हे आपल्याकडे भूत न पाहिलेल्या पोरालाही ठाऊक असतेच ना? (जाता जाता: १९८४ च्या ‘पॅरानोइया’ या अशाच दुसऱ्या खेळात खेळाडूने नियम ठाऊक असल्याचे दाखवणे हाच देशद्रोह ठरतो. तिथे ही सगळी कटकट विनोदात निघते.)

कागदी ढाल:
वरची दोन्ही मते राक्षसांपुरती मान्य, पण पात्रांच्या आपसांतल्या गुपितांना ती लावू नयेत. आमच्या चोराने मंदिरातले पदक खिशात घातले, ते टेबलावरच्या आम्हा सर्वांदेखत. त्यानंतर माझ्या भोळ्या सरदाराने “या गटात विश्वासाचा माणूस तू एकच” असे म्हणत खजिन्याच्या किल्ल्या त्याच्याच हाती दिल्या, तेव्हा सगळे टेबल हसून लोळले. हेसुद्धा पेडगावला जाणेच, पण मी आपखुशीने निघालो होतो आणि नुकसान माझ्याच पात्राचे होते. तुमच्या मित्राने तुम्हाला ढकलत नेले, आणि किंमत पुजारणीने मोजली.

पलितेदार:
सर्वांचे आभार. काल तोच ट्रोल पुन्हा भेटला. मी डंजन मास्टरला विचारले, त्यांनी चाचणी घ्यायला लावली आणि फाशावर ९ पडले. मग शिपायाने आधी पाठीवरची थैली फेकली, नंतर जेवणाचे पातेले. मशाल उचलेपर्यंत पुजारणीनेच तेलाचा दिवा ट्रोलच्या अंगावर फोडला होता. पातेल्यावर मित्राची हरकत नव्हती. आता पुजारणीला हे कसे सुचले, यावरून तो तिच्याशी भांडतो आहे.